पाहुणे कुणी बोलवायचे?

अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने मार्च १९७१ मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशचा व्हरायटी शो बंद केला, तेव्हा दिलेली कारणं कुणालाही पटण्यासारखी होती. प्रेक्षक घटले होते. जाहिरातदारांना तरुण, शहरी, खिशात पैसे खुळखुळणारं गिऱ्हाईक हवं होतं. त्यातच तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने राष्ट्रीय वाहिन्यांकडून संध्याकाळचा काही वेळ काढून घेऊन तो स्थानिक केंद्रांना द्यायचं ठरवलं होतं, म्हणजे जागा कमी आणि उमेदवार जास्त. धंद्याच्या वहीत हा निर्णय चोख बसतो. मला मात्र ती वहीच अर्धवट वाटते. किती लोक पाहतात याचा रकाना तिच्यात होता, त्यांचं वय काय आणि ते राहतात कुठे याचाही होता. पण एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे लोक कुणाच्या शब्दाखातर एका जागी येतात, याचा रकाना नव्हता.

मराठी वाचकासाठी थोडी ओळख. व्हरायटी शो म्हणजे तासाभराचा कार्यक्रम: एक यजमान, त्याचा वाद्यवृंद, दर आठवड्याला नवे पाहुणे, गाणी, थोड्या गप्पा, थोडे विनोद. घरात बहुधा एकच टीव्ही आणि देशभरात मोजून तीन मोठ्या वाहिन्या, त्यामुळे आजोबा, आई आणि केस वाढवलेला मुलगा एकाच सोफ्यावर बसून तेच बघणार. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांत रुजलेलं गिटार-फिडलवरचं गाणं; त्याच्या गायकांना या खुर्चीत बसवण्याची चाल जुनीच. टेनेसी अर्नी फोर्डचा कार्यक्रम एनबीसीवर १९५६ पासून पाच वर्षं चालला. जिमी डीनचा एबीसीवर १९६३ ते १९६६. १९६९ मध्ये तर लाटच आली. जानेवारीत सीबीएसवर ग्लेन कॅम्पबेल, जूनमध्ये एबीसीवर कॅश, आणि त्यानंतर आठवड्याभराने पुन्हा सीबीएसवर 'ही हॉ' हा कंट्री गाणी आणि गावरान विनोदांचा कार्यक्रम. कंट्री गायक बोलतो शेजाऱ्यासारखा, त्याला ऐटीची सवय नसते आणि दक्षिणेतल्या लाखो घरांत तो आधीपासून ओळखीचा असतो, हे वाहिन्यांना चांगलं ठाऊक होतं.

कॅश मात्र या सगळ्यांत जरा अवघड गडी. जन्म १९३२ चा, आर्कान्साचा. बालपण डायेसमध्ये गेलं. मंदीच्या काळात सरकारने गरीब शेतकऱ्यांसाठी वसवलेली ती वसाहत, आणि तिथे याने कापूस वेचला. गाण्यात नाव झालं, गोळ्यांचं व्यसन लागलं. १९६५ मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या मानाच्या कार्यक्रमात मायक्रोफोनचा दांडा फिरवत त्याने रंगमंचाच्या कडेचे दिवे फोडले, आणि 'पुन्हा इकडे फिरकू नका' असं ऐकून घेतलं. १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगातल्या कैद्यांसमोर गाऊन त्याने आपली कारकीर्द परत मिळवली. फेब्रुवारी १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात गायला आणि चार महिन्यांत राष्ट्रीय वाहिनीवर यजमान म्हणून उभा राहिला. उन्हाळ्यात दुसऱ्या एका कार्यक्रमाची रिकामी जागा भरायची, एवढाच वाहिनीचा हेतू होता. ७ जून १९६९ च्या पहिल्या भागात पाहुणे होते बॉब डिलन, जोनी मिचेल आणि लुइझियानाच्या पाणथळ भागातला फिडलवादक डग कर्शॉ. आणि हे सगळं चित्रित झालं त्याच ऑप्रीच्या रंगमंचावर, नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात. लॉस एंजेलिसच्या तयार स्टुडिओवर पाणी सोडून कॅशने हे सभागृह धरून ठेवलं.

ही जागा नीट पाहण्यासारखी आहे. रायमन मुळात प्रार्थनामंदिर, १८९२ चं. टॉमस रायमन नावाच्या, नदीत बोटी चालवणाऱ्या एका कप्तानाने ते बांधवून घेतलं. प्रेक्षकांना बसायला चर्चमधले लांब लाकडी बाक, वातानुकूलन नाही. उन्हाळ्यात दिव्यांच्या उष्णतेने आत भट्टी व्हायची. इथले श्रोते ठरलेले: गोरे, दक्षिणेतले, धार्मिक, बरेचसे खेड्यांतून आलेले. आणि हे सभागृह आहे फिफ्थ अव्हेन्यूवर. फेब्रुवारी १९६० मध्ये याच रस्त्यावर, थोड्याच अंतरावरच्या वूलवर्थसारख्या दुकानांत कृष्णवर्णीय विद्यार्थी जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले होते. त्यांना खायला मिळालं नाही, मार मिळाला, अटक झाली. त्यांतला एक तरुण जॉन लुइस पुढे खासदार झाला, आणि आता त्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. कॅशचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या घटनेला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. आदल्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत वंशभेदाचा उघड कैवार घेणाऱ्या जॉर्ज वॉलेसला दक्षिणेतल्या पाच राज्यांनी कौल दिला होता. कॅशचं आर्कान्सा त्यांतलं एक.

अशा ठिकाणी, ऑक्टोबर १९७० मध्ये दाखवलेल्या भागात कृष्णवर्णीय जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग येतो.

हा प्रसंग मी अनेकांना दाखवतो आणि दर वेळी बघणारा आधी हसतो, मग गप्प होतो. आर्मस्ट्राँगची तब्येत उतरलेली आहे. पुढच्या जुलैत तो गेला. कॅश त्याच्याशी एका जुन्या तबकडीबद्दल बोलतो. कंट्री संगीताचा आद्यपुरुष मानला जाणारा जिमी रॉजर्स याने जुलै १९३० मध्ये 'ब्लू योडल नंबर ९' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात ट्रम्पेट वाजवला होता आर्मस्ट्राँगने आणि पियानो त्याच्या पत्नीने, लिल हार्डिनने. तबकडीवर दोघांचंही नाव छापलं नव्हतं. चाळीस वर्षांनी तेच गाणं रायमनच्या रंगमंचावर दोघे मिळून करतात. कॅश गिटार छेडत रॉजर्सच्या ओळी गातो आणि प्रत्येक ओळीला आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट उलट उत्तर देतो, कधी चेष्टेने, कधी मायेने. कॅश भाषण करत नाही. 'काळ्या-गोऱ्यांचं संगीत एकच' वगैरे काही म्हणत नाही. बाकांवरच्या लोकांच्या लाडक्या गाण्यात कोण वाजवत होतं, एवढं तो दाखवून देतो आणि टाळ्या घेतो.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. हे काम दुसऱ्या कुणा यजमानाला जमलं नसतं. एड सलिव्हनने त्याच्या गाजलेल्या व्हरायटी शोमध्ये आर्मस्ट्राँगसकट सगळ्यांना आणलं होतं, आणि कृष्णवर्णीय कलावंतांना त्याने दिलेली जागा कुणी विसरू नये. पण सलिव्हन मुळात वर्तमानपत्रात सदर लिहिणारा. पाहुण्याचं नाव घ्यायचं, हात दाखवायचा आणि पडद्याच्या कडेला सरकायचं, ही त्याची रीत. कॅश सरकत नाही. स्टूल ओढतो, गिटार काढतो आणि पाहुण्याबरोबर स्वतःचा आवाज पणाला लावतो. गाणं पडलं तर दोघांचं पडणार. शिवाय तो बाकांवरच्या लोकांतला आहे. त्याने कापूस वेचलेला आहे, त्याची सासू म्हणजे कंट्रीची कुलमाता मेबेल कार्टर, आणि ती दर आठवड्याला त्याच रंगमंचावर असते. आपल्या घरातल्या माणसाने 'हा माझा मित्र' म्हणून कुणाला आत आणलं, तर दारातून परत पाठवणं जड जातं. न्यूयॉर्कहून कुणी येऊन तुम्ही याला स्वीकारलं पाहिजे असं सांगितलं, तर दार आणखी घट्ट लागतं.

पाहुण्यांच्या यादीवर नुसती नजर टाकली तरी हे कळतं. रे चार्ल्स, ओडेटा, स्टीव्ही वंडर, चार्ली प्राइड, सगळे कृष्णवर्णीय. इंग्लिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन आपल्या नव्या कंपूसह आला आणि कॅश व कार्ल पर्किन्स यांच्याबरोबर पर्किन्सचंच जुनं गाणं वाजवून गेला. कम्युनिस्ट म्हणून ज्याला मोठ्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षं उभं केलं नव्हतं, तो लोकगायक पीट सीगर आला. आणि मधेच कॅशचा ठरलेला भाग, 'राइड धिस ट्रेन'. आगगाडीच्या प्रवासाच्या निमित्ताने खाणकामगार, कापूसवेचे, रूळ टाकणारे यांच्या कहाण्या आणि गाणी. मला स्वतःला हा भाग कधी कधी लांबलेला वाटतो, पण प्राइम टाइममध्ये मजुराला इतका वेळ देणारा दुसरा मनोरंजनाचा कार्यक्रम मला त्या काळात दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. यजमानाच्या हातात एवढी सत्ता कशाला? आज तो सीगरला आणतो, उद्या आणखी कुणाला आणेल; लोक गाणी ऐकायला बसलेत, याची मतं ऐकायला नाही. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. कॅश काही डाव्यांचा देवदूत नव्हता. व्हिएतनामच्या बाबतीत तो स्वतःला 'नख्या असलेलं कबूतर' म्हणायचा आणि निक्सनच्या पाठीशी उभं राहण्याची भाषाही त्याने केली. पण पुढे काय झालं तेही बघा. एप्रिल १९७० मध्ये व्हाइट हाउसने त्याला गायला बोलावलं आणि दोन गाण्यांची फर्माईश पाठवली: एक हिप्पींची टर उडवणारं, दुसरं सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांची. कॅशने दोन्ही गायली नाहीत. त्याऐवजी 'व्हॉट इज ट्रुथ' हे तरुणांची बाजू घेणारं स्वतःचं गाणं निक्सनच्या समोर म्हटलं.

वाहिनीशी त्याचे दोन खटके उडाले आणि दोन्ही एकत्र ठेवून पाहिले तर माणूस कळतो. पहिला क्रिस क्रिस्टोफरसनच्या गाण्यावरून. हा क्रिस्टोफरसन ऑक्सफर्डला शिकलेला, सैन्यात हेलिकॉप्टर चालवलेला, आणि गाणी विकली जाईपर्यंत नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाडू मारणारा. रविवारी सकाळी एकाकी फिरणाऱ्या माणसाचं त्याचं गाणं कॅश गाणार होता. त्यात तो माणूस देवाकडे नशा मागतो. वाहिनीचं म्हणणं, शब्द बदला, घर मागू दे. क्रिस्टोफरसन वर बाल्कनीत बसलेला. कॅशने त्या ओळीला वर त्याच्याकडे पाहिलं आणि मूळ शब्दच गायला. १९७० मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. दुसरा खटका याच्या अगदी उलट. कॅशला पडद्यावर आपण ख्रिस्ताचे भक्त आहोत असं उघड सांगायचं होतं आणि वाहिनीला ते नको होतं. तेही त्याने सांगितलं. म्हणजे वाहिनीला नशा चालत नव्हती आणि प्रार्थनाही चालत नव्हती. कुणालाच न बोचेल असं काहीतरी मधलं हवं होतं. ज्याला मत आहे अशा यजमानाचा धोका मला मान्य आहे. पण मत नसलेला यजमान तटस्थ असतो हे मला मान्य नाही. त्याच्या खुर्चीत प्रायोजक बसलेला असतो, फक्त दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा: या सगळ्याने झालं काय? आर्मस्ट्राँग आला म्हणून कुणाचं मत बदललं? बदललं असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि गाण्याने मतपेटी हलते असं मी म्हणणारही नाही. पण झालं काय, याचं एक उत्तर तर प्रत्यक्ष कानांनी ऐकता येतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये कॅशने नॅशव्हिलमधल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन एक भाग केला. काळेच कपडे का घालतो, हे सांगणारं 'मॅन इन ब्लॅक' त्याने पहिल्यांदा तिथे म्हटलं. पाहुणे होते नील यंग, जेम्स टेलर आणि लिंडा रॉन्स्टॅट, तिघेही कॅलिफोर्नियाच्या वर्तुळातले. या कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला आलेला यंग त्याच मुक्कामात तिथल्या एका स्टुडिओत शिरला. स्थानिक वादक जमवले, बेन कीथची पेडल स्टील गिटार साथीला घेतली, आणि टेलर-रॉन्स्टॅटना मागे गायला बसवून 'हार्ट ऑफ गोल्ड' ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लांब केसांच्या पोरांच्या त्या गाण्यात कंट्रीचं वाद्य रडतं, याचं कारण कॅशने धाडलेलं आमंत्रण. कॅशचा कार्यक्रम मात्र त्या विद्यार्थ्यांच्या भागानंतर दीड महिनाही टिकला नाही.

आता त्या १९७१ च्या छाटणीकडे. सीबीएसने त्या वर्षी 'बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आरएफडी', 'ही हॉ' असे खेड्याशी नातं सांगणारे कार्यक्रम एका झटक्यात काढले. झाड दिसेल तो कार्यक्रम बंद, असं 'ग्रीन एकर्स'मधला नट पॅट बट्रम म्हणाला, ते आजही सांगितलं जातं. एबीसीने कॅश काढला, वाद्यवृंदवाला लॉरेन्स वेल्कही काढला. यांतले काही कार्यक्रम तेव्हाही भरपूर पाहिले जात होते. डोकी कमी पडली नव्हती. डोकी चुकीच्या वयाची आणि चुकीच्या पिनकोडची होती.

इथे नेहमीचा शोक करणारे सांगतात, बिचारी खेडी करमणुकीला मुकली. हे खरं नाही. 'ही हॉ' वाहिनीवरून गेला तो थेट स्थानिक केंद्रांना विकला जाऊ लागला आणि पुढे वीसेक वर्षं आरामात चालला. वेल्कही तसाच, १९८२ पर्यंत. आयोगाने स्थानिक केंद्रांना मिळवून दिलेल्या वेळेचा या मंडळींना चांगलाच उपयोग झाला. खेड्याला त्याचा कार्यक्रम मिळाला, शहराला शहराचा. 'ही हॉ'त मक्याच्या शेतातून एकेक मुंडकं वर येऊन विनोद सांगायचं. दोन कॅनडियन निर्मात्यांनी रचलेलं ते खेडं होतं, आणि त्यावर खेड्यातले लोकही मनापासून हसायचे. मीही हसतो. शिवाय बक ओवेन्स आणि रॉय क्लार्क हे यजमान अव्वल दर्जाचे वादक होते. पण त्या शेतात पीट सीगर उगवणार नव्हता. गेला तो ओळखीच्या माणसाने अनोळखी माणसाला आत आणण्याचा रिवाज, आणि त्यात शहराचंही तेवढंच नुकसान झालं. शहरी घरात मेबेल कार्टर पुन्हा कशाला येईल?

कॅशची प्रेक्षकसंख्या घसरली होती, हे मी सुरुवातीलाच मान्य केलं आहे. पण नंतरच्या काळात हॉलिवूडचे चेहरे आपल्या गळ्यात मारले गेले, ही त्याची स्वतःची तक्रार होती, आणि ते भाग बघताना ती खरी वाटते. पाहुण्याला कंट्रीत रस नाही, यजमानाला पाहुण्यात रस नाही, आणि दोघे लिहून दिलेले विनोद वाचताहेत. आमंत्रणाचा हक्क काढून घ्यायचा आणि मग घरात गर्दी होत नाही म्हणून यजमानाला दोष द्यायचा, असा तो प्रकार. कंट्री गायिका डॉली पार्टनचंही उदाहरण यात बसतं. पोर्टर वॅगनरच्या साध्या, स्वस्तात केलेल्या कार्यक्रमात ती १९६७ पासून सात वर्षं होती आणि तिथेच घडली. १९८७ मध्ये एबीसीने तिला तिच्या नावाचा झगमगीत व्हरायटी शो दिला आणि तो एका हंगामात आटोपला. तिच्यासारखी हजरजबाबी बाई पडद्यावर अवघडलेली दिसावी, यासाठी बरीच मेहनत घ्यावी लागते.

आपल्याकडे गायकाला टीव्हीवर जागा आहे, पण ती परीक्षकाच्या खुर्चीत. १९९५ मध्ये झी टीव्हीच्या 'सा रे ग म'चं सूत्रसंचालन तरुण सोनू निगमने केलं, तेव्हा सूत्रं गायकाच्या हाती होती. तरी कुणाला बोलवायचं हे तो ठरवत नव्हता. पुढे गायक गुण देऊ लागले आणि सूत्रसंचालन बऱ्याचदा नटनट्यांकडे गेलं. लोककलावंताची अवस्था त्याहून बिकट. शाहीर किंवा भारूड करणारा कलावंत येतो तो पाच मिनिटांचा पाहुणा म्हणून, फेटा बांधून, 'आपली परंपरा' या पाटीखाली. आणि ज्या प्रेक्षकांत त्याची खरी पत आहे, त्या खेड्यांना तर आपल्या प्रेक्षकमोजणीने ऑक्टोबर २०१५ पर्यंत धरलंही नव्हतं. समजा अशा एखाद्या शाहिराला वर्षभर दर आठवड्याला तासभर दिला, वादक त्याचे, गाव त्याचं, आणि करारात एवढंच लिहिलं की पाहुणे तो ठरवेल. तो रॅपरला बोलावेल, एखाद्या ख्यालगायिकेला बोलावेल, कदाचित त्याच्या श्रोत्यांना न रुचणाऱ्या जातीधर्माच्या एखाद्या कवीला बोलावेल, आणि शेजारी बसून डफावर साथ करेल. खाजगी वाहिनी यात पैसे घालणार नाही, हे उघड आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने ते का करू नये, याचं पटेल असं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही. 'त्याने भलत्यालाच बोलावलं तर?' असा प्रश्न मात्र दर वेळी येतो.